चाकाखालचं लिंबू

माझं पोट छोटं करायचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना एकच काळजी होती, आणि ती माझ्या तब्येतीची नव्हती. गाडी कोण चालवणार? कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हापासून घरची गाडी मीच चालवते. नवऱ्याकडे लायसन्स आहे, एजंटाने घरपोच आणून दिलेलं. पण स्टिअरिंगला त्याचा हात लागतो तो फक्त दसऱ्याला हार घालताना.

ऑपरेशनच्या आधी हेच लोक काय काय बोलले! तोंडाले कुलूप लावता येत नाही म्हणून पोट कापून घेते, असं सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं. नणंदेने नरखेडकडच्या गावाहून फोन करून ऐकवलं की तिच्याकडे बाया दिवसभर संत्र्याच्या बागेत राबतात, त्यांना असली थेरं लागत नाहीत. माझे गुडघे गेले होते, साखर वाढली होती, एक जिना चढले की धाप लागत होती. पण हे त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

घरी सोडताना डॉक्टरने गाडीचं निक्षून सांगितलं. दुखण्याच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या सुरू आहेत तोवर चालवायची नाही. त्या बंद झाल्या की एक दिवस उभ्या गाडीत बसायचं, पट्टा नीट पोटावरून लावायचा आणि एकदम जोरात ब्रेक दाबून पाहायचा. हात आपोआप पोटाकडे गेला तर समजायचं, अजून वेळ आहे. नक्की किती दिवस, हे नवऱ्याने तीनदा विचारलं. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाला, दिवस मला नका विचारू, त्यांच्या पोटाला विचारा.

पोटाला विचारतो कोण! ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी नणंदेच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. घरची गाडी असताना भाड्याच्या गाडीतून मांडवात उतरणं नवऱ्याला शोभेना. एसटीत सासूबाईंचे गुडघे मावेनात. "गाडी का पोटानं चालवा लागते वं?" असं त्यांनी मला विचारलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, हे यांच्याच तोंडून ऐकायची मला कोण हौस. आदल्या दिवसापासून गोळी घेतली नाही म्हणजे झालं, असं माझं मीच ठरवून टाकलं.

निघताना सासूबाईंनी गाडीवरून लिंबू ओवाळलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवलं. गाडी इतके दिवस उभी होती, नजर लागली असेल म्हणे. पहिलं लिंबू घरंगळत नालीत गेलं, मग दुसरं आणायला नवरा आत गेला. तेवढा सगळा वेळ मी सीटवर बसून होते. पाय ब्रेकपाशीच होता. एकदा जोरात दाबून पाहायला कितीसा वेळ लागला असता? मी नाही दाबला. उलट पट्टा टाक्यांना टोचतो म्हणून पाठीमागून घेतला आणि तसाच खटक्यात अडकवला, गाडीची पीं-पीं बंद व्हावी म्हणून. एवढं डोकं चाललं माझं.

लिंबू चिरडून निघालो. सासूबाई पुढे बसल्या, नवरा मागे. कॉलनीच्या बाहेर कोळशाचा एक ट्रक पुढे चालला होता, तो खड्ड्यापाशी अचानक थांबला. मी ब्रेक दाबायला गेले आणि बेंबीच्या वरून अशी कळ निघाली की पाय अर्ध्यातच ढिला पडला, हात पोटावर गेला. अगदी डॉक्टरने सांगितलं होतं तस्साच. गाडी हळू झाली पण थांबली नाही, जाऊन ट्रकला भिडली. बॉनेट चेपलं, सासूबाईंचं कपाळ समोर आदळलं आणि मी पुढे फेकले गेले ती स्टिअरिंगच्या चार बोटं अलीकडे थांबले. त्या चार बोटांकडे पाहून मला दरदरून घाम फुटला. पोटातला शिवलेला भाग सुटला असता तर पुन्हा ऑपरेशनचं टेबल, आणि तिथून घरी आलेच असते असं नाही.

ट्रकवाला तणतणत उतरला. आमचा नवराही उतरला. त्याने आधी नव्या कुर्त्याच्या घड्या नीट केल्या, मग ट्रकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ. लेडीज चालवून राहिली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी किल्ली काढली, गाडीला धरून धरून खाली उतरले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"घ्या. आता तुम्ही चालवा."

"मले कुठं येते?"

"आज मलेही येत नाही," म्हणाले आणि घरी परतायला रस्त्यावरचा ऑटो थांबवला. सासूबाई कपाळावर पदर दाबून माझ्या मागोमाग चढल्या. त्या दिवशी त्यांचे गुडघे ऑटोत बरोबर मावले.

नवरा गाडी ओढून न्यायला माणूस शोधत दुपारपर्यंत तिथेच उभा होता. साक्षगंध आमच्याशिवाय झालं, मुलीचं काही अडलं नाही. माझे टाकेही शाबूत राहिले, ती माझी हुशारी नव्हे.

चौथ्या आठवड्यात गाडी दुरुस्त होऊन आली. मी उभ्या गाडीत बसले, पट्टा पोटावरून घेतला आणि तीनदा जोरात ब्रेक दाबला. दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. तेवढ्यात सासूबाई फाटकातून लिंबू घेऊन आल्या. ते मी त्यांच्या हातून घेतलं आणि दुपारी माझ्या पथ्याच्या वरणाच्या पाण्यात पिळलं.