आईच्या छातीची पट्टी

आमच्या आईचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेले असत. आमच्या बंजारा तांड्यातल्या तिच्या वयाच्या बायांचे अजूनही असतात. कोपराच्या वरचा चुडा लग्नात चढतो आणि नवरा गेल्यावरच उतरतो. मधे काढायचा नाही म्हणजे नाही. मी पुसदला शाळेत शिकवते, साडी नेसते, हातात एक घड्याळ.

दिवाळीपासून तिच्या छातीत जळजळत होतं. तांड्याजवळच्या दवाखान्यात सांगितलं तर गॅसच्या गोळ्या मिळाल्या. पुन्हा गेली तर म्हणे, तंबाखू सोड, तुम्हा तांड्यातल्या बायांचं असंच असते. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या सासूला असंच जळजळलं, तर तिची आधी पट्टी काढली आणि नाव नंतर विचारलं. पट्टी म्हणजे ईसीजी, आमच्याकडे पट्टीच म्हणतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी मीही आईला तेच म्हटलं, तंबाखू सोड. जळो माझं शिक्षण!

एका सकाळी बा तिला घेऊन थेट माझ्या दारात उभा. ती घामाघूम झालेली, डावा हात उजव्यात धरलेला. मी ऑटो केला आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

पट्टी काढणाऱ्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि मशीनला हातच लावला नाही. "हे बांगड्यांचं दुकान काढा आधी. चिमटे कुठं लावू?"

बाकावरची माणसं हसली. त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील होते.

आई म्हणाली, "बुढा जिता हाये माहा. नाही काढत."

"मग न्या घरी."

इथे मी भांडायला हवं होतं. माझी जीभ काही थोडी नाही, शाळेत हेडमास्तर मला वचकून असतात. पण मी वळले ती आईवरच, आणि तेही मराठीत. जन्मात तिच्याशी मी गोरबोलीशिवाय बोलले नव्हते. "काढा ना हो आजी, काय अडाणीपणा लावलाय!"

आजी म्हणाले मी. आईला.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग दाराशी उभा असलेला बा आत आला. तिच्यापुढे फरशीवर बसला, खिशातून सुपारीचा अडकित्ता काढला आणि तिचा हात मांडीवर घेतला. चुडा फुटतो तो नवरा मेल्यावर, आणि इथे नवराच एकेक बांगडी तोडत होता. आई हुंदके देऊन रडायला लागली, अगदी त्याची मयत झाल्यासारखी. बा तिला आमच्या बोलीत चिडवत होता, अगं मी बसलो ना समोर, मेलेला माणूस सुपारी खातो का कधी? बोलता बोलता त्याच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. आता बाकावर कोणी हसत नव्हतं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभी होते.

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पट्टी पाहिली, मग खाली पडलेले तुकडे पाहिले. "हे कशाला तोडलं? मनगटाला जागा नसली तर खांद्याला लावून काढता येते की!" तो माणूस वायरी गुंडाळत बसला. झटका मोठा होता. आधीही एक येऊन गेल्याची खूण पट्टीत दिसत होती. तेव्हा ह्यांनी काही सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं. सांगितलं होतं ना! सगळ्यांना सांगितलं होतं, मलाही.

आई वाचली, हे आत्ताच सांगून टाकते. हात मात्र ती अजून ओढणीखाली लपवते, आणि मी घरी गेले की जास्तच.

यवतमाळला न्यायला गाडी आली. आत घालताना नर्सने आईला विचारलं, "सोबत कोण आहे? मुलगा, मुलगी कोणी?"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. धाप लागत होती तिला, तरी तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "बुढा हाये. अन् ह्या शाळेतल्या मॅडम हायेत. मदतीले आल्या."

रागाने नाही हो. ती मला सांभाळून घेत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी मुलगी आहे तिची," मी म्हटलं.

नर्सने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगबाई! वाटत नाही हो तुम्ही त्यांच्यातल्या."

हे मी आजवर कितीदा तरी ऐकलंय, आणि दर वेळी हसून थँक्यू म्हटलंय.