फरशीकाकूंचा जामीन

फरशीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी बाथरूममध्ये जायच्या. हात धुवायला जाते म्हणायच्या, पण नळाचा आवाज कधी यायचा नाही. बाहेर यजमानीण चहा गाळत असायची आणि आतून ऐकू यायचं, टक, टक, टक. मधल्या बोटाच्या पेरानं काकू एकेक टाइल वाजवून बघत असायच्या. जर्मनीतल्या येनामधल्या जुन्या मराठी घरांना याची सवय झाली होती. नवीन माणूस मात्र बावरायचा. मीही बावरले होते.

ती संक्रांत होती. आम्ही नुकताच एक जुना फ्लॅट विकत घेतला होता. नवरा लेन्सच्या कंपनीत, मुलगी किंडरगार्टनमध्ये, आणि मी पुण्याची नोकरी सोडून घरात. हळदीकुंकवाला दहा-बारा जणी आल्या होत्या. काकू पंधरा मिनिटं आत राहिल्या, बाहेर आल्या आणि तिळगूळ हातात घेता घेता म्हणाल्या, "शॉवरमागच्या आठ टाइल्स पोकळ आहेत गं. भिंतीत पाणी शिरतंय. वर्षभर कळणार नाही, मग एकदम कळेल." सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून मला राग आला. त्यांना त्यात लाजण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. डॉक्टरनं घसा लाल आहे म्हणावं, तसं त्या बोलल्या होत्या.

त्यांचं खरं नाव शैलजा. पण शैलजाकाकू म्हटलं तर त्या दोन हाकांनंतर ओ द्यायच्या. माहेर कोल्हापूरकडचं. वडील, आप्पा, शहाबादी फरशी बसवायचे आणि शाळा सुटली की काकू त्यांना दोरी धरायला जायच्या. लग्नानंतर काकांच्या नोकरीपायी येनाला आल्या आणि दोन हिवाळे खिडकीत बसून काढले. एकदा शेजारच्या इमारतीत काम चाललेलं बघायला म्हणून गेल्या. एक उंच, पिकू लागलेल्या केसांचा माणूस गुडघ्यावर बसून फरशी लावत होता आणि त्याची ओळ एका बाजूला चालली होती. काकूंना तेव्हा जर्मनचे चार शब्द येत होते. त्यांनी खाली बसून बोटानं रेघ मारून दाखवली. त्यानं दोरी लावून पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि आपल्या हातातली थापी त्यांच्यापुढे धरली. तो त्या फर्मचा मालक होता. त्याला सगळे माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणायचे, काकूही शेवटपर्यंत माइस्टरच म्हणाल्या. त्याच्याकडे काम करता करता त्यांनी कारागिराची परीक्षा दिली आणि त्या पास झाल्या.

आमच्या बाथरूमचं काम निघालं तेव्हा मी काकूंना फोन केला. "तुम्हीच करून द्या ना एखाद्या रविवारी. फर्मतर्फे कशाला? घरचंच आहे."

"घरचं आहे म्हणूनच नको," काकू म्हणाल्या. "रविवारी चोरून करायचं, बिल नाही, नोंद नाही. उद्या खालच्याच्या छतातून पाणी गळलं तर तू कुणाचं दार वाजवशील?"

"तुमचं!"

"आणि मी नाही उघडलं तर?"

मला ते लागलं. आपली माणसं म्हणून विचारावं तर यांचे कायदे, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा. मग जाहिरात बघून एक माणूस आणला. त्यानं दोन शनिवारांत सगळं चकाचक केलं. चार महिन्यांनी खालच्या आजींच्या छतावर पिवळा डाग आला आणि तोपर्यंत त्या माणसाचा नंबर बंद झाला होता. विम्यानं विचारलं, काम कोणी केलं, कागद दाखवा. कागद नव्हता. मी मान खाली घालून काकूंकडे गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी माइस्टरच्या फर्मचा माणूस मोजमाप घ्यायला आला. त्या जुन्या गोष्टीचा त्यांनी नंतर कधी साधा उल्लेखही केला नाही. माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत, त्यांत हा पहिला धरते.

मग माइस्टरनं निवृत्त व्हायचं ठरवलं. मूलबाळ नाही, फर्म बंद होणार. मधली काही वर्षं या धंद्याला माइस्टरची पदवी लागत नव्हती, पण कायदा पुन्हा बदलला होता. आता ज्याच्याकडे माइस्टरब्रीफ, म्हणजे उस्तादीचं प्रमाणपत्र, त्याच्याच नावानं हांडवेर्क्सकामरमध्ये, म्हणजे कारागिरांच्या मंडळात, फर्मची नोंद व्हायची. काकूंकडे ते नव्हतं. त्यांच्याबरोबर काम करणारी लेना, दोन मुलांची आई, तिच्याकडेही नव्हतं. पन्नाशीला टेकलेल्या काकूंनी परीक्षेचा फॉर्म भरला.

हातकामात त्या पहिल्या आल्या. कायदा आणि हिशेबाच्या पेपरात मात्र नापास झाल्या. त्या संध्याकाळी पुस्तकांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "तुझं शिक्षण मोठं. मला हे वाचून दाखव."

"काकू, माझं जर्मन तुमच्यापेक्षा कच्चं आहे."

"मग दोघी मिळून वाचू. एकीला एक शब्द आला तरी पुरे."

चार महिने आठवड्यातून तीन दिवस आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. काकूंची शिकायची रीत वेगळी होती. प्रत्येक कलमाला त्या गावात नेऊन बसवायच्या. "समज, मी पाटलाच्या न्हाणीघराचं काम घेतलं. पाटील म्हणतो, ही फरशी नको, ती लाव. मी लेखी कळवलं, ती टिकणार नाही. तरी पाटील ऐकेना. आता फुटली तर कोण भरणार?" मी पुस्तकात शोधायची. माझी मुलगी शेजारी चित्रं काढत असायची, तीही मध्येच जर्मनमध्ये विचारायची, पाटलाचं काय झालं? काकू तिला मराठीत सांगायच्या आणि ती जर्मनमध्ये पुढचा प्रश्न टाकायची. दोघींना काही अडायचं नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "तुमच्या हातात एवढी कला आहे, आणि हे लोक कागद मागतात. राग नाही येत?"

काकूंनी चष्मा काढला. "हात माझा चांगला आहे हे मला ठाऊक. दार उघडणाऱ्या बाईला कसं ठाऊक असणार? तिनं काय माझ्या आप्पांना बघितलंय?"

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. आणि त्या चार महिन्यांत माझ्याही तोंडात जर्मन बसलं, करारांची भाषा कळू लागली. काकूंनी मला फर्मचं ऑफिस सांभाळायला घेतलं. आज मी एका मोठ्या कंपनीत करारांचं काम बघते. मुलाखतीत मला विचारलं होतं, हे कुठे शिकलात? मी सांगितलं, फरशीच्या दुकानात. ते हसले. मी खरं तेच सांगितलं होतं.

काकूंच्या नावावरचं पहिलं मोठं काम एका वृद्धाश्रमाचं होतं, बारा न्हाणीघरं. आश्रमवाल्यांनी ब्युर्गशाफ्ट मागितलं, म्हणजे आपल्याकडचा जामीन. पाच वर्षांत कामात दोष निघाला आणि कंत्राटदार फिरकला नाही, तर विमा कंपनी भरून देईल, असं हमीपत्र. विमा कंपनीनं काकूंचे कागद पाहिले. मालकीण नवी, फर्मची शिल्लक थोडी. कंपनीनं नकार दिला. काम हातचं जाणार असं दिसू लागलं. काकूंनी हे माइस्टरला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. दुसऱ्या सकाळी तो टाय लावून आला, मी त्याला टायमध्ये कधीच पाहिलं नव्हतं. विमा कंपनीच्या कागदावर त्यानं स्वतः हमीदार म्हणून सही केली. काकू नको नको म्हणत राहिल्या. तो म्हणाला, "तू माझी वाकडी ओळ सरळ केली होतीस ना? मग आता गप्प बस."

दुसऱ्या वर्षी वृद्धाश्रमाचं पत्र आलं. एका खोलीत भिंत ओली, पाहणीला या, नाहीतर हमी वापरावी लागेल. काकू, लेना आणि मी सकाळी सहाला तिथे होतो. काकूंनी स्वतः टाइल्स फोडल्या. कोपऱ्यात पाणी अडवणारी पट्टी चार बोटं कमी पडली होती. त्याच भिंतीत नळवाल्याचा पाइपही होता आणि आमच्याशिवाय आत कोणी पाहिलेलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "काकू, पाइपातूनही गळत असेल."

"पाइप कोरडा आहे," काकू म्हणाल्या.

"ते आपल्यालाच माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या, पण मला ती नजर सोसवली नाही. "माइस्टरनं माझ्यावर सही केलीय. त्याच्या सहीवर मी पाणी सांडू?"

अहवालात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: चूक आमची. ती खोली आमच्या ज्या कारागिरानं केली होती, त्याच्या आणखी तीन खोल्या कुणी न सांगता फोडून तपासल्या. एकीत तीच चूक सापडली. तीन आठवडे फर्मनं दुसरं काम घेतलं नाही. तो हिवाळा कठीण गेला. वसंतात त्याच वृद्धाश्रमानं दुसऱ्या इमारतीचं काम दिलं, आणि या वेळी विमा कंपनीनं माइस्टरची सही मागितली नाही. काकूंनी त्याच्या सहीची जागा मोकळी असलेला तो कागद माइस्टरला नेऊन दाखवला. दोघं त्याच्या बागेत कॉफी पीत बसले होते. माइस्टर त्यानंतर वर्षभरच जगला.

तोवर काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. लेना माइस्टर झाली, तिच्या हाती फर्म देऊन काका-काकू कोल्हापूरला परत जायला निघाले. जायच्या आधीच्या आठवड्यात काकू मला म्हणाल्या, "गाडी काढ. ज्यांच्या हमीची पाच वर्षं संपली नाहीत त्यांच्याकडे जाऊन येऊ." तीन दिवस आम्ही फिरलो. काकू कठडा धरून जिने चढायच्या, सांधे बघायच्या, लेनाचा नंबर लिहून द्यायच्या. शेवटचं घर एका एकट्या राहणाऱ्या आजींचं होतं. तिथलं बाथरूम काकूंनी खाली बसून स्वतः केलेलं शेवटचं काम.

"आणि लेना आली नाही तर?" आजींनी केक कापता कापता गमतीनं विचारलं.

"तर मला फोन करा," काकू म्हणाल्या. "मी येते."

आजी हसल्या. काकू हसल्या नाहीत.

गेल्या महिन्यात सकाळी कोल्हापूरहून फोन आला. "आजींच्या कामाला आज पाच वर्षं होतात. जाऊन बघून ये."

"काकू, आज तर तुमची जबाबदारी संपतेय."

"म्हणून आजच जा. उद्या गेलीस तर ते नुसतं बघणं होईल."

मी अर्धी रजा टाकली. आजींनी दार उघडलं, थकल्या होत्या, पण त्यांनी मला ओळखलं. मी कोपऱ्यांतून हात फिरवला. सगळं कोरडं होतं. तिथूनच काकूंना फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडून त्यांचा मोठा श्वास ऐकू आला.

"बरं झालं बाई. आता डॉक्टरला हो म्हणून टाकते. दोन वर्षं मागं लागलाय गुडघे बदला म्हणून. पण त्यानंतर खाली बसता येत नाही म्हणे. म्हटलं, आजींनी बोलावलं तर?"