पडवीतली फावडी

माझ्या साडूने मला फसवलं. मिठागरातल्या कामाचा आमचा शेवटचा भाव त्याने माझ्याकडून काढून घेतला, तो मालकाचा हिशेब सांभाळणाऱ्या मेहत्याला नेऊन दिला आणि आमच्या जागी कामणच्या बाजूची माणसं आणून उभी केली. आमच्या गावातल्या चाळीसेक माणसांचा तो हंगाम गेला. पुढचेही गेले. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी माझ्याही काही गोष्टी सांगणार आहे, आणि त्या वाचून कुणी मूळ गोष्ट विसरू नये.

आमचं गाव नायगावच्या अंगाला, खाडीकाठी. बाप मिठाच्या पाट्या वाहता वाहता वाकला. मीही पाट्या वाहिल्या, पण वाकलो नाही, कारण मला बोलता येत होतं. गावात मालकाच्या माणसासमोर बसून बोलणारा मी पहिला. त्याआधी सगळे अंगणात उभं राहून बोलायचे. उभा राहून भाव करणारा माणूस तोंड उघडण्याआधीच हरलेला असतो, हे मला कुणी शिकवलं नाही. बापाकडे बघून कळलं.

दिवाळी झाली की मिठागराचं काम सुरू व्हायचं. पावसाचं पाणी काढून टाकायचं, बांध बांधायचे, मग मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवायची. माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहत आणि चिखल फरशीसारखा घट्ट होईपर्यंत तुडवत. हे काम जमिनीत ओल आहे तोवरच होतं. ओल गेली, जमीन तडकली, की त्या वर्षी मीठ काळं येतं. म्हणून आमच्याकडे म्हणत, ओल आहे तोवर मालक आपला, ओल गेली की आपण मालकाचे.

भाव ठरेपर्यंत गावातला प्रत्येक माणूस आपलं फावडं आणून माझ्या पडवीत उभं करायचा. फावडं माझ्याकडे, म्हणजे तो एकटा जाऊन कमी भावात कामाला लागणार नाही, हा त्याचा शब्द. मग मेहता यायचा. पडवीत बसायचा. मांडीवर पंचा पसरायचा आणि त्याखाली आम्ही दोघं एकमेकांची बोटं धरून भाव करायचो, जितकी बोटं जास्त तितका भाव जास्त. तोंडाने पावसाच्या, गुरांच्या गप्पा चाललेल्या, भाव पंचाखाली. जमलं की मालकाकडून नारळ यायचा. तो पहिल्या बांधावर फुटला की माणसं आपापलं फावडं उचलून कामावर.

लढाईच्या वर्षांत मी दर दिवाळीला एक बोट वर चढलो. मेहता कुरकुर करायचा आणि द्यायचा. गावात माझं नाव झालं. बायका पाणी भरून जाताना माझ्या घरासमोर डोईवरचा पदर सारखा करायच्या. संध्याकाळी पडवीत बसायला जागा उरत नसे. मला वाटायचं हा माझ्या जिभेचा गुण. आता कळतं, तो लढाईचा होता. तेव्हा गोदीला माणसं हवी होती, लष्कराच्या तळांना हवी होती, रस्त्यांना हवी होती. विरारपासून इकडचा धडधाकट माणूस मुंबईला पळत होता आणि मालकाला चिखल तुडवायला पाय मिळत नव्हते. मी नसतो, दुसरा कुणी मुका जरी बसला असता, तरी मेहत्याने बोट वाढवलंच असतं.

लढाई संपली. दुसऱ्या वर्षी मी सोपाऱ्याच्या बाजारात गेलो होतो. तिथे एका भिंतीला टेकून माणसं बसलेली. कुणाच्या अंगात खाकी सदरा, कुणाच्या पायात फाटके बूट. ऊन सरकेल तशी ती सावलीबरोबर सरकत होती. कुणी हाक मारली की चार जण एकदम उठायचे. मी बघितलं, सुकी मासळी घेतली आणि घरी आलो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची गरज ओळखणं हा माझा धंदा. त्या दिवशी माझ्यासमोर भिंतभर गरज बसली होती आणि मला ती दिसली नाही.

त्याच दिवाळीला फावडी माझ्या पडवीत आली. मी दोन बोटं चढायचं ठरवलं. मेहता आला नाही. एक दिवस, दोन दिवस. सहाव्या दिवशी दुपारी मालकाचा गाडीवान आला आणि अंगणातूनच नारळ पुढे केला.

"मेहताजींनी दिलाय. मागल्या सालचाच भाव. समद्यांना काम."

"मेहता कुठं हाय?"

"बसलाय घरी."

"त्याला चालता येत नाय?"

गाडीवान हसला. "दादा, ते म्हनाले, औंदा गाडीवानच पुरे."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं ज्या पडवीत तो येऊन बसला, तिथे आता गाडीवानाच्या हातून नारळ, तोही भाव न करता. मी म्हणालो, "घेऊन जा. त्याला सांग, ओल सुकायला लागली की पाय आपोआप चालतील." गाडीवानाने नारळ काखेत मारला आणि गेला. हे मी गावात कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. संध्याकाळी माणसं आली, म्हणाली, "काय खबर?" मी म्हणालो, "काय नाय. बसू द्या त्याला."

आठव्या दिवशी साडू आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोठा म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याच्या हाताखाली कामणकडे जंगलात लाकूड तोडणारी, कोळसा पाडणारी माणसं होती. आम्ही दुपारी जेवायला बसलो. मेव्हणा आलाय म्हणून बायकोने बोंबलाबरोबर भाकरीला तूप लावलं होतं. बहिणीसाठी ती पुरचुंडी बांधत होती.

"किती दिस झाले?" त्याने विचारलं.

"आठ."

"ओल?"

"हाय अजून पाच-सा दिसांची."

"आनि मेहता नाय आला तर?"

"येल. मी त्याला वलखतो." मग मी जे विचारायचं ते विचारलं. "भाऊ, तुमच्याकडची मानसं येनार नाय ना इकडं?"

तो खदखदून हसला. "आमची? जंगलातली ती. चिखलात घातली तर दुसऱ्या दिवशी पाय दाखवत रडतील."

"शब्द?"

"तुझ्या ताटात जेवतो, आनखी काय शब्द पायजे?"

हात धुतल्यावर तो पडवीत फावड्यांकडे बघत बसला. एकेक दांडा निरखत होता. आमच्याकडे प्रत्येकाच्या दांड्यावर आपली खूण असते. कुणाच्या तीन खाचा, कुणाची गुंडाळलेली सुतळी, शेजारच्या वाडीतल्या किरिस्तावाच्या दांड्यावर कोरलेला क्रूस. मग त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि मांडीवर पसरला.

"मला तर सांग. खरंच कुठवर उतरशील?"

असला भाव मी आयुष्यात कुणाला सांगितला नव्हता. बायकोला नाही, बापाला नाही. पण आठ दिवस मी एकटाच तो घेऊन बसलो होतो, नारळाचं तर बोलायलाही कुणी नव्हतं, आणि समोर घरचा माणूस होता. मी पंचाखाली हात घातला आणि त्याच्या हातात माझी बोटं दिली. त्याने ती दाबून धरली. बराच वेळ धरली. मला बरं वाटलं.

तेराव्या दिवशी सकाळी मिठागराकडून चिखल तुडवल्याचा आवाज आला. आमची माणसं तुडवताना एका तालात हुंकार देतात. हा हुंकाराशिवायचा, अडखळता आवाज होता. आम्ही धावलो. तीसेक परकी माणसं, धोतरं वर खोचून, चुकीच्या पावलांनी आमची जमीन तुडवत होती. बांधावर माझा साडू, डोक्याला तोच पंचा. मागून कळलं, भाव माझ्या शेवटच्या बोटाच्या एक बोट खाली ठरला होता.

मी चिखलाचा गोळा उचलून त्याच्या छातीवर मारला. त्याने तो पंचाने पुसला आणि पुन्हा माणसांकडे वळला. मी शिव्या दिल्या, खूप दिल्या. मग मागे वळून पाहिलं. आमच्या माणसांपैकी एकानेही शिवी दिली नव्हती. ती उभी होती, आणि त्यांतली काही माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, ती हबकली आहेत.

फावडी न्यायला कुणी आलं नाही. मला वाटलं, पुढच्या दिवाळीसाठी ठेवली असतील. पुढच्या दिवाळीला कामणची माणसं थेट बांधावर आली, नारळही तिकडेच फुटला. आमची पोरं मुंबईला गेली. गिरणीच्या दरवाजाबाहेर बदलीसाठी उभं राहायचं, आत कुणी आजारी पडला तर काम मिळायचं, नाहीतर परत. दुसऱ्याच्या तापावर आपलं पोट. बायका पश्चिमेच्या बागायतीत केळीखालचं गवत काढायला जाऊ लागल्या. एकाने मला गिरणीचं सांगितलं होतं: तिथे भाव करायचा नसतो, तो पाटीवर लिहिलेला असतो. मी हसलो होतो. मग घरी येऊन बराच वेळ माझ्या हाताची बोटं बघत बसलो होतो.

मी उपाशी मेलो नाही. गवताचा व्यापार केला. मुंबईच्या तबेल्यांना गवत पाठवलं, दोन बैलगाड्या केल्या, घरावर कौलं चढवली. पण संध्याकाळी पडवीत कुणी बसायला येईना. माणसं घरावरून जाताना पलीकडच्या कुंपणाकडे बघत जायची. लग्नाचं बोलावणं यायचं, पण पोराच्या हाती. बायको रोज झाडताना एकेक फावडं उचलायची, खालचं झाडायची आणि ते होतं तिथेच ठेवायची. चाळीस फावडी, रोज. मी एकदा म्हणालो, कोपऱ्यात रचून टाक. ती म्हणाली, "ज्याचं तो नेईल." तिने बहिणीचं तोंड त्यानंतर पाहिलं नाही. मी जा म्हणालो नाही आणि तिने विचारलं नाही.

सात-आठ वर्षं अशीच गेली. एक दिवस भर दुपारी गावातली एक बाई पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा गिरणीत बदली होता.

"दादा, आमच्या मानसाचं फावडं नेते."

सुतळी गुंडाळलेलं. मी ओळखलं. "आता काय करनार त्याचं?"

"भंगारवाला आलाय नाक्यावर. लोखंड हाय."

"त्याला इचारलंस?"

"तो काय सांगनार? येतो महिन्यातून एकदा, निजतो नि जातो." तिने फावडं उचललं, पण निघाली नाही. "दादा, रागवनार नसाल तर इचारू? तवा नारळ आला व्हता ना?"

मी विचारलं, "कोन बोललं?"

"समदं गाव बोलतं. गाडीवान परत जाताना आमच्या विहिरीवर पानी प्याला. नारळ काखेतच व्हता त्याच्या."

म्हणजे त्याच दिवशी. साडू येण्याच्या आधी दोन दिवस. "मग मला कुनी बोललं का नाय?"

"बोलनार काय? तुमी सांगाल म्हनून रोज येऊन बसत व्हते सगळे." तिने लोखंडावरचा गंज पदराने पुसला. "मागल्या सालचा भाव वाईट नव्हता, दादा. निदान काम व्हतं."

ती गेली. त्या आठवड्यात एकेक करून बाकीच्यांची माणसं आली. कुणी फावडं नेलं, कुणी नुसतं लोखंड काढून दांडा ठेवून गेलं. कुणी बसलं नाही. शेवटचं फावडं गेलं त्या सकाळी बायकोने पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात झाडली आणि केरसुणी हातात घेऊन मध्येच उभी राहिली.

बायको आता नाही. बहिणीची भेट झाली नाही ती नाहीच.

नारळ मी परत पाठवला. तो आला होता हे लपवलं. काम कमी आणि माणसं जास्त झाली होती हे बाजारातल्या भिंतीशी दिसत असून मी पाहिलं नाही. गावाने मला याचा जाब तोंडावर कधी विचारला नाही, म्हणून तो मी इथे देऊन ठेवतो. तो माझा.

पण भाऊ, तुमचा जाब तुमच्याकडे राहिला आहे. लढाई संपल्यावर तुमच्या जंगलातली तोड बंद पडली होती, तुमची माणसंही कामाविना घरी बसली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या दुपारी माझ्या ताटात जेवताना तुम्हाला ते माहीत होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर मी भडकलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि मग तुमची तीस आणि माझी चाळीस फावडी आपण याच पडवीत एकत्र उभी केली असती. मेहत्याने आणखी कुठून आणली असती माणसं? तुम्ही ते सांगितलं नाहीत. त्याऐवजी पंचा पसरलात आणि माझी बोटं धरून बसलात. का? मला एवढंच ऐकायचं आहे, आणि ते तुमच्याच तोंडून. कामणहून इकडे यायला आता मोटार मिळते. या आणि सांगा. पडवीत बसायला भरपूर जागा आहे.