गॅरेजच्या छतातून पडलेला थेंब

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप नाकाच्या शेंड्याकडे जातो.

पनवेलच्या जुन्या रस्त्यावर एक मोटार गॅरेज होतं, मालकाच्या आजोबांनी बांधलेलं. दर्शनी भिंत गोलसर, वर सागवानी फळ्यांचं छत आणि दरवाजा असा रुंद, की हत्तींची वरात आडवी आत शिरावी. मालक खारघरला टॉवरमध्ये राहायचा. सोमवारी गॅरेज पाडायला बुलडोझर येणार होता आणि शनिवारी तिथला म्हातारा मिस्त्री पोलीस ठाण्यात माझ्यासमोर हजर.

"सायेब, शेटच्या आजोबाची मोटार चोरीला गेली. जागेला सील मारा."

फिर्याद घेतली. घटनास्थळी गेलो तर कुलूप शाबूत. समोरच्या टपरीवाल्याने खबर दिली, "साहेब, दोन दिवस मी इथंच आहे. मोटार सोडा, सायकलपण बाहेर नाय आली."

मला एक खटकलं. ज्याच्याकडे चोरी होते, तो आधी माल मागतो. हा सील मागत होता.

मालकाला बोलावलं आणि गॅरेजमध्येच मिस्त्रीची चौकशी सुरू केली. माझ्या एका नजरेने भले भले दरोडेखोर आजोळचा पत्ता सांगायचे. हा तीन तास ढिम्म! तेवढ्यात वरून टपकन काळा थेंब माझ्या नाकावर.

"इंजिन ऑइल?" मी म्हणालो.

मिस्त्रीने फडक्याने माझं नाक पुसलं, वास घेतला आणि दुखावून म्हणाला, "इंजिन मी सोता बांदलंय, गलनार नाय. ह्ये गिअरबॉक्सचं हाय."

माझ्यासोबतचे हवालदार हळूच म्हणाले, "काका, कुठल्या गिअरबॉक्सचं?"

 मिस्त्रीने उठून कोपऱ्यातली साखळी ओढली आणि छताचा एक तुकडा मोटारीसकट खाली उतरला! आजोबांच्या काळी जागा कमी पडे, म्हणून हा हाताने ओढायचा पाळणा. वर गेला की छतात असा बसे, की सांधा डोळ्याला दिसायचा नाही.

"सील लागलं तर पाडकाम थांबंल, म्हनून केलं," मिस्त्री पुटपुटला.

तिथेच लहानाचा मोठा झालेल्या मालकाने हे कधी पाहिलं नव्हतं. तो मोटारीत जाऊन बसला. "काका, मला वर न्या."

सोमवारी बुलडोझर त्यानेच परत पाठवला. मी तपास बंद करायचा 'क' समरी अहवाल कोर्टात पाठवला: गैरसमजुतीने दिलेली फिर्याद. गैरसमज कोणाचा, ते लिहिलं नाही.

पोलीस ठसे शोधत जमिनीकडे बघतात. तेव्हापासून मी आधी छत बघू लागलो. आणि एक कळलं. कसबी माणूस कायद्याशी खोटं बोलेल, स्वतःच्या कामाबद्दल नाही.

परवा गेलो होतो. मोटार वर होती. मी मुद्दाम तासभर खाली बसलो, एक थेंब पडला नाही.

"बगा!" मिस्त्री म्हणाला.