लक्ष्मीबाईच्या कपाटाची पाठ

गुडीहत्नुरात नागनाथ मुनेश्वराला नवं काम कुणी दिलं नाही. घराची चौकट, पाळणा, लग्नाचे पाट, देव्हारा ही सगळी शुभाची कामं, आणि ती सुताराच्या दारीच जायची. नागनाथचा बाप सालगडी. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यानं पोराला एवढंच सांगितलं होतं, की दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नको, हाताला हुन्नर लाव. म्हणून पोरगा मंचेरियलला गेला, कोळसा खाणीच्या सुतारखान्यात सहा वर्षं फळ्या उचलता उचलता काम शिकला आणि औजारांची पेटी डोक्यावर घेऊन गावी परतला. गावानं पेटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मोडकं सामान तेवढं आणून दिलं. मोडक्याला विटाळ नसतो म्हणे.

असं करत करत पंचवीस वर्षं गेली आणि जुन्या कपाटांत त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी उरला नाही. निजामाच्या काळातल्या महसुली गिरदावरांची, देशपांड्यांची काचेच्या दारांची कपाटं, खाणीतल्या साहेबांच्या जेवणघरातली बुटकी लांबलचक कपाटं, खण अडकलेली, वाळवी लागलेली, बिजागरीतून निखळलेली, सगळी त्याच्या पत्र्याच्या छपराखाली येऊन पडायची. हैदराबादचे व्यापारी यायचे, ‘ॲंटिक’ म्हणायचे, घेऊन जायचे. नागनाथला त्या शब्दाचं हसू यायचं. माणूस म्हातारा झाला की त्याला ओसरीवर बसवतात आणि कपाट म्हातारं झालं की दिवाणखान्यात, असं तो बायकोला म्हणायचा.

त्याचा एक नेम होता. कपाटाच्या पाठीला तो रंधा लावत नसे. हा नेम इथल्या प्रत्येक जाणत्या मिस्त्रीचा. या जिल्ह्यात साग सरकारचा. डेपोतून बाहेर पडणाऱ्या लाकडावर जंगलखात्याचा हातोडा पडतो आणि त्याचा शिक्का लाकडात उमटतो. मिस्त्री पुढून सगळं गुळगुळीत करतो, पण शिक्क्याची फळी पाठीला बसवून तशीच खरबरीत ठेवतो. उद्या कुणी विचारलं, की हा साग चोरीचा तर नाही, तर कपाट भिंतीपासून ओढून पाठ दाखवायची. सागाला जात नसते, पण दाखला त्यालाही लागतोच.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नार्नूरच्या पलीकडचे, सीमेवरच्या गावातले वामनराव ट्रॅक्टरमध्ये एक कपाट घेऊन आले. कापूस-ज्वारीचे शेतकरी, बोलायला मोजके. कपाट त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईचं. तिच्या बापानं निजामाच्या काळात करवून आंदण दिलेलं. वर काचेची दारं, खाली दोन खण, माथ्यावर कोरलेली वेल आणि वेलीत राघू-मैना. लक्ष्मीबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि कपाट धुरानं, तेलकट हातांनी कोळशासारखं काळं झालं होतं.

वामनराव म्हणाले, ‘पोरीचं लगन हाये पंधरा दिवसांनी. चंद्रभागेचं. तिच्या मायनं मरतानी सांगतलं, माह्यं कपाट पोरीले द्याजा. आता हे असं काळं धुप्प कसं मांडवात ठेवू? तू नव्यावानी करून दे.’

‘मांडवात ठेवता?’ नागनाथनं विचारलं.

‘हाव. आंदणात जाईन तं मांडवातच ठेवा लागन.’

त्या दिवशी नागनाथला भाकर गोड लागली, हे बयनाबाईच्या ध्यानात आलं. बयनाबाई म्हणजे त्याची बायको. तिच्यापासून काही लपत नसे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातचं काम एका शुभकार्यात, चारचौघांत, हळदीकुंकवाच्या शेजारी उभं राहणार होतं. त्याला त्याचा आनंद झाला, आणि इतका आनंद झाला याची थोडी लाजही वाटली.

तेरा दिवस त्यानं दुसरं काम हाती घेतलं नाही. काजळी खरवडली. राघूची तुटलेली चोच नव्या लाकडाच्या कणानं अशी भरली, की कोणती चोच जुनी ते त्यालाच शोधावं लागलं. कापसाचा बोळा लाखेत बुडवून पॉलिशचे हात चढवले. आणि अकराव्या दिवशी, सगळं झाल्यावर, त्यानं कपाट वळवलं तर पाठ तशीच काळी, खरबरीत. मांडवात कपाटाला भिंत नसते, ते मोकळं उभं असतं, बायका भोवती फिरून बघतात. मागच्या बाजूनं कुणी म्हणेल, पुढून चोपडं अन् मागून उघडं, मुनेश्वराचं काम ते तसंच. एवढ्याच विचारानं त्यानं रंधा उचलला. शिक्का त्याला दिसला नाही असं नाही. काळ्या खळग्यात अर्धवट पुसलेला आकडा त्यानं बोटानं चाचपलासुद्धा. पण त्या क्षणी तो शिक्का त्याला दाखला वाटला नाही, डाग वाटला. चार हात मारले आणि पाठ सोन्यासारखी निघाली. रंध्याचे पापुद्रे बयनाबाईनं चुलीत घातले, त्यांवर चहा झाला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा.

वामनराव कपाट घेऊन येताना उटनूरच्या वाटेवरच्या जंगलनाक्यावर गार्डानं काळं कपाट पाहिलं होतं, पाठीवरचा शिक्का पाहिला होता आणि हात हलवून सोडलं होतं. परतताना तोच गार्ड होता. ट्रॅक्टरमध्ये कपाट लखलखत होतं. तो चढला, मागून पाहिलं, पाठीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘ये वो कपाट नहीं है.’ जुनं कपाट दाखवून न्यायचं आणि त्याच्या नावावर चोरट्या सागाचं नवं आणायचं, हा डाव त्यानं नोकरीत दहा वेळा पाहिलेला. त्याची काय चूक? कपाट खरोखरच नव्यासारखं दिसत होतं. ते जप्त होऊन रेंज ऑफिसच्या वऱ्हांड्यात गेलं, आणि लग्न दोन दिवसांवर आलं.

वामनराव दुपारच्या उन्हात बसनं गुडीहत्नूरला आले. चेहरा उतरलेला. बयनाबाईनं पाण्याचा गिलास पुढे केला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

‘नागनाथ, त्या कपाटाले मांगून सिक्का होता. म्या सोता पाह्यला होता. ते म्हणतात नाई. तुले दिसला का?’

इथं नागनाथला सुटता आलं असतं. ‘काळ्या लाकडात दिसला नाई पाटील, काजळीसंगं गेला असन’ एवढं म्हटलं असतं तर कुणी ताळा करायला येणार नव्हतं. शिक्का चुलीत जळून गेला होता. वामनरावांनाही तेच ऐकायचं होतं की काय कोण जाणे. बयनाबाई उंबऱ्यातून नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

‘होता,’ नागनाथ म्हणाला. ‘म्या रंध्यानं काढला.’

‘काऊन?’

‘मांडवात मांगून बरं दिसावं म्हनून.’

वामनराव रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गिलास तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, ‘तिच्या मायची येकच वस्तू होती रे.’

नागनाथनं पेटी उचलली. बयनाबाई आडवी आली. ‘कुठी चालले? सरकारी सिक्का काढला म्हनून सोताच्या तोंडानं सांगान? हात दाखवून अवलक्षण कायले करून राह्यले? औजारं ठेवून घेतली तं आपन खाऊ काय?’

‘पोरीचं कपाट तिथं वऱ्हांड्यात पडलं हाये,’ नागनाथ म्हणाला आणि वामनरावांच्या मागोमाग बसमध्ये चढला. वाटेत दोघंही एका बाकावर बसले, पेटी दोघांच्या मध्ये.

रेंजर तेलुगू माणूस, वयानं पन्नाशीचा, जंगलात केस पांढरे झालेला. त्यानं नागनाथचं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, हे जुनंच कपाट आहे हे मी कशावरून मानू? तू म्हणतोस म्हणून?

नागनाथ म्हणाला, ‘मेरे ऊपर मत जाओ साहब. लकडी को पूछो.’

त्यानं कपाटाचा माथा उघडायची परवानगी मागितली. ज्या जुन्या मिस्त्रीनं हे कपाट घडवलं त्यानं माथ्याच्या सांध्यात, कुणाला दिसणार नाही असा, हातानं घडवलेला लोखंडी खिळा मारला असणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या काळची कामं तशीच. पण तो सांधा आजवर त्यानंही उघडला नव्हता. खिळा निघाला नाही तर कपाटही मोडणार आणि आपणही. त्यानं लाकडी खुंट्या एकेक करून ठोकून काढल्या. चढवलेलं पॉलिश सांध्याजवळ तडकलं. ते तडकताना वामनरावांनी मान फिरवली.

माथा सुटला. आत खिळा होता. गंजून दोऱ्याएवढा बारीक झालेला, आणि त्याच्या भोवतीचा साग बोटभर खोल शाईसारखा काळा. रेंजर वाकला. त्यानं खिशातला चाकू काढून ते काळं खरवडून पाहिलं, काळं संपेना. लोखंडाचा डाग सागात इतका आत उतरायला किती पावसाळे लागतात हे जंगलातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

‘चालीस साल,’ तो म्हणाला. मग चाकू मिटत, ‘ज्यादा ही.’

कपाट सुटलं. पण शिक्का काढल्याचा गुन्हा तर नागनाथनं स्वतःच्या तोंडानं कबूल केला होता, आणि ज्या औजारानं गुन्हा झाला ते जमा करायचं असा कायदा. रेंजरला ते आवडलं नसावं; तो कागदावर बराच वेळ नुसता पेन धरून बसला. गार्डानं पेटी उघडली. दोन रंधे, पाच पटाश्या, करवत, गिरमीट, हातोडी. ती औजारं नागनाथला पुन्हा मिळाली नाहीत, हे इथंच सांगितलेलं बरं. केस लांबली, साहेब बदलले, पेटी कुठल्या खोलीत गेली कुणाला माहीत. पुढं तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी मोजायला जायचा.

‘साहब,’ नागनाथ म्हणाला, ‘कपाट खुला पडा है. बंद करके देता हूँ. फिर ले लो.’

रेंजरनं मान हलवली. नागनाथनं माथा पुन्हा बसवला. खुंट्या ठोकल्या. तडकलेल्या जागेवर लाख नव्हती म्हणून तळहातानं घासत राहिला, घासत राहिला, शेवटी वामनरावांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यानं औजारं एकेक पुसून टेबलावर मांडली. मंचेरियलहून आणलेला मोठा रंधा सगळ्यात शेवटी.

लग्नाला तो जाणार नव्हता. वामनरावांनी ट्रॅक्टर पाठवला, म्हणून दोघं नवरा-बायको गेले आणि आचाऱ्याच्या चुलीजवळ, मांडवाच्या कडेला उभे राहिले. कपाट मधोमध उभं होतं. बायका भोवती फिरून बघत होत्या, मागूनही.

अक्षता झाल्या आणि लाउडस्पीकरवर आहेराची नावं सुरू झाली. आमच्याकडे आहेर नुसता देत नाहीत, तो कुणाचा आणि तो माणूस नवरीचा कोण लागतो हे गावाला ऐकवतात. मामाकडून पातळ. आत्याकडून घागर. चुलत्याकडून पलंग. कपाटाची पाळी आली तेव्हा वामनरावांनी पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला.

‘कपाट,’ ते म्हणाले. ‘चंद्रभागेच्या मायकडून.’ एवढं बोलून त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मंडपात कुणी खाकरलं. मग ते म्हणाले, ‘अन् नागनाथ मुनेश्वराकडून.’

पुढच्या रांगेतल्या एका सोयऱ्यानं सवयीनं विचारलं, ‘हे कोन लागतात पोरीचे?’

वामनरावांच्या ओळखीच्या नात्यांत हे नातं नव्हतं. चंद्रभागेनं मुंडावळ्या बाजूला करून चुलीकडे पाहिलं.

‘घरचे,’ वामनराव म्हणाले.

पुकारणारा पुढच्या नावाकडे वळला. नागनाथ खाली बघत होता. बयनाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि अगदी हळू, फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाली, ‘घरचे म्हनते. पेटी गेली ते गेलीच नं.’

‘हाव,’ नागनाथ म्हणाला. ‘पन आज राहू दे, बयना.’