वळणावरचे सात धोंडे

परवा माझे मरण हातभर अंतरावरून निघून गेले... तेही समोरून, मोटारसायकलवर बसून.

गडचिरोलीला भाच्याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपून मी आणि सौ. चंद्रपूरला परतत होतो. मूल गाव मागे पडले, जंगल लागले... आणि सूर्यास्तापूर्वी ते ओलांडावे या सद्हेतूने मी वेगमर्यादेशी किंचित मतभेद ठेवून होतो. त्यात सकाळी जाताना टायर पंक्चर झालेला, त्यामुळे चित्तवृत्ती आधीच प्रक्षुब्ध.

एका वळणावर समोरची मोटारसायकल अकस्मात आपली बाजू सोडून थेट माझ्या अंगावर आली! अशा क्षणी मनुष्य विचार करतो, हा निव्वळ प्रवाद आहे. मी सर्वशक्तीनिशी हॉर्न दाबला. ब्रेक दाबण्याचे सौ.च्या किंकाळीनंतर सुचले. पंचवीस वर्षांच्या ड्रायव्हिंगचे सार एवढेच, की प्राणांतसमयी मी प्रथम निषेध नोंदवतो.

आमची गाडी रस्ता सोडून मुरमात थांबली. मोटारसायकल आडवी झाली होती. चालवणारे गृहस्थ चाळिशीचे, कोपर सोलवटलेले... आणि त्यांची वृद्ध आई मातीत बसून स्वतःचे तळहात पाहत होती.

मी शब्दशस्त्रे परजीत उतरलो. पण पहिले वाक्य पुरे होण्याआधीच ते कडाडले, "मले काय बोलून राह्यले भाऊ? तिकडं पाहा ना! गोटे दिसून नाई राह्यले का?"

पाहिले. त्यांच्या बाजूला, वळणाच्या ऐन पोटात सात धोंडे आणि एक सुकलेली पळसाची फांदी.

आपल्याकडील हा प्राचीन संस्कार सर्वांना ठाऊक आहे. वाहन बिघडले की मागे धोंडे मांडायचे, फांदी टाकायची. वाहन दुरुस्त होऊन निघून जाते... धोंडे तिथेच, जणू बिघाडाचे स्मारक! मागून येणाऱ्याने ते चुकवत समोरच्याच्या अंगावर जावे आणि परस्पर मोक्ष पावावा.

मी तत्काळ पक्ष बदलला. त्या अज्ञात नराधमाच्या निषेधार्थ मी तिथे जे भाषण केले, ते मुद्रित व्हायला हवे होते. कर्तव्यभ्रष्ट, परप्राणनिष्ठुर, विवेकशून्य... अशांचा परवाना भर चौकात जाळावा, हेही सुचवले. गृहस्थ कोपर धरून प्रत्येक विशेषणाला "बराबर हाय" म्हणत होते.

सौ. मात्र फांदीपाशी गेली होती. फांदीला बांधलेले लाल फडके तिने सोडले, झटकले आणि माझ्यापुढे धरले.

"अहो, हे आपलं आहे."

आपलेच होते. गाडी पुसण्याचे. सकाळी पंक्चर झाले ते याच वळणावर... धोंडे मी मांडले, फडके मी बांधले आणि चाक बदलताच अकराचा मुहूर्त गाठायला सुसाट निघालो. (साक्षगंध साडेबाराला सुरू झाले.)

मौन पाळण्याचा मोह झाला, खोटे कशाला बोलू? सौ. काही बोलणार नव्हती. ती फक्त पाहत होती. ते मात्र असह्य होते.

"भाऊ," मी म्हणालो, "तो नराधम मीच."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "मग आता काऊन थांबले? भाषण चालू द्या ना!"

मी वाकलो आणि एकेक धोंडा उचलून कडेला नेला. सातवा ठेवून कंबर सरळ करतो, तोच म्हातारीने पदराला हात पुसत विचारले, "झालं? कितीक येळ लागला बाबू?"

दोन मिनिटेही नाहीत.

गाडी मागे वळवली, माउलीला सौ.शेजारी बसवले; गृहस्थ मोटारसायकल उभी करून मागोमाग आले. मूलच्या दवाखान्यात दोघांची मलमपट्टी होईस्तोवर थांबलो. जंगल अखेर अंधारातच ओलांडले, अत्यंत सावकाश.

संताप अद्याप ओसरलेला नाही, त्याला फक्त योग्य पत्ता सापडला आहे. आणि त्या माउलीचे उपकार, की माझ्या भाषणातले एकही विशेषण तिने मला परत केले नाही...