नवं नेर

पद्मजाबाई नेरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांचे यजमान नंदकिशोर सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, कापसाची प्रत ठरवायचे. कापसाचे भाव पडत गेले आणि जिनिंगला कुलूप लागलं. घरी बसलेल्या नंदकिशोरांना कॉम्प्युटरवरच्या शहर वसवायच्या गेमचा नाद लागला. नदी, पूल, आगगाडी, कारखाने. वर्षभर ते एकच गाव वाढवत राहिले. कशात तरी जीव रमतो आहे, म्हणून बाई काही बोलत नसत.

२००७च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पोळ्याच्या सुमारास कॉम्प्युटरही बंद पडला. दुरुस्तीवाल्या अन्सारभाईंनी जुनी डिस्क नव्या मशीनला जोडली, गेम पुन्हा टाकला. उघडला तर नुसती मोकळी जमीन.

"अन्सारभाई, यांचं गाव कुठं गेलं?"

"वहिनी, गेम नवा टाकला ना. खेळ जिथवर आला, त्याची फाइल येगळी राह्यते. जुन्या डिस्कवर असन, पण कुठं ते मले नाही मालूम. हरेक गेमची जागा येगळी."

बाई स्वतःच जुन्या डिस्कवर शोधायला बसल्या. गेमच्या फोल्डरमध्ये फाइल नव्हती. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नुसते लग्नाचे फोटो. शेवटी अमरावतीला भाचीला, मितालीला, फोन केला.

"मावशी, काही फोल्डर लपलेले असतात. ते दिसतील अशी सेटिंग कर. मग काकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा' पाहा."

तिथं गेमचं नाव होतं, आणि आत एकच फाइल: 'नवं नेर'. बाईंनी ती नव्या मशीनमध्ये त्याच जागी नेऊन ठेवली. गेम उघडला. पुलावरून गाडी गेली, कारखान्यातून धूर निघाला. बाईंनी नंदकिशोरांची खुर्ची ओढून आणली, त्यांचा डावा हात माऊसवर ठेवला.

"अहो, पाहा, तुमचं गाव! ओळखलं का?"

हात तसाच पडून राहिला. थोड्या वेळानं नंदकिशोरांनी मान दाराकडे वळवली.

त्यानंतरही शाळेतून आल्यावर बाई रोज ते गाव उघडून त्यांना समोर बसवायच्या. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, आता याहून सुधारणा नाही. तेव्हा बाईंनी ते सोडून दिलं.

दिवाळीत त्यांनी कॉम्प्युटर मितालीला देऊन टाकला.

"मावशी, काकांचं गाव तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवू?"

"कायले? मले ते चालवता येत नाही," बाई म्हणाल्या आणि नंदकिशोरांना पाणी पाजायला आत गेल्या.